घरच्या घरी बॅटरी चार्ज करायची आहे. चार्जर कोणता घ्यावा?

निशिगंध

नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल गाडी हल्ली उभीच जास्त असते. काम घरूनच, त्यामुळे आठवड्यातून एखाद वेळी निघते, तीही जवळपास. अलीकडे सेल्फ मारला की नुसती टकटक होते. शेजारच्या गाडीवरून जंप देऊन चालू करतो, थोडं फिरवून आणतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बॅटरी तशी नवीच आहे. १२ व्होल्ट, ४५ एएच असं वर लिहिलंय. पाणी भरायची झाकणं दिसत नाहीत.

घरी एक चार्जर ठेवायचा ठरवलंय, पण बघायला गेलं की २ अँपिअर, ५, १०, कुठे 'स्मार्ट', कुठे 'रिपेअर मोड', कुठे नुसता काटा असलेला जड लोखंडी डबा. किती अँपिअरचा घ्यावा? बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज केली तर आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका आहे का? रात्रभर लावून ठेवला तर चालतो का? शिवाय बाबांची स्कूटर आहे, तिला वेगळा लागेल का?

डोंगरवाट

मी १० अँपिअरचा लोखंडी डबाच वापरतो. दोन-तीन तास लावला की गाडी चालू होते. मोठाच घ्या, वेळ वाचतो.

जुनी_वायरिंग

निशिगंधताई, गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं काम मी आयुष्यभर केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अँपिअर किती हे नंतर पाहू. आधी दोन गोष्टी बघा: तुमची बॅटरी कोणत्या जातीची आहे, आणि चार्जरला हात कधी आखडता घ्यायचा हे कळतं का.

त्याहीआधी गाडी फिरवूनही बॅटरी का भरत नाही ते सांगतो. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर थोडी वीज खातच असतात. हे खाणं ३० मिलिअँपिअर धरलं, आणि तेवढं तर सर्वसाधारण मानतात, तरी दिवसाला पाऊण एएचच्या आसपास जातं (एएच म्हणजे अँपिअर-तास: एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक एएच). महिनाभरात वीसच्या वर. म्हणजे ४५ एएचची बॅटरी काहीही न करता निम्मी होते. ते वीस एएच पंधरा-वीस मिनिटांच्या चकरेत परत येत नाहीत, कारण अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) कितीही जोमदार असला तरी बॅटरी भरत आली की ती करंट हळूहळूच आत घेते. त्यामुळे तुमची बॅटरी जंपनंतरही अर्धपोटीच उभी राहते.

आणि अर्धपोटी उभं राहणं हेच बॅटरीला मारतं. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते ताजं, बारीक असेपर्यंत चार्जिंगला लावलं की परत विरघळतं. तसंच पडून राहिलं की त्याचे खडे मोठे आणि टणक होतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. एखाद्या वेळी बॅटरी उतरली म्हणून घाबरू नका, पण उतरलेली पडू देऊ नका. चार्जर घ्यायचा तो मुख्यतः यासाठीच.

आता जात. झाकणं नाहीत म्हणजे ती एजीएमच (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी), असं समजू नका. बहुतेक बंद बॅटरीत नेहमीचं पातळ ॲसिडच असतं, फक्त प्लेटांत कॅल्शियम असल्यामुळे पाणी फारसं उडत नाही. लेबल नीट वाचा. गाडी सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणारी असेल तर बॅटरी एजीएम किंवा ईएफबी (पातळ ॲसिडचीच, पण जास्त दणकट केलेली) असण्याची शक्यता जास्त. नेहमीच्या बॅटरीला चार्जिंगचा वरचा व्होल्टेज साधारण १४.४ ते १४.७ लागतो, एजीएमलाही जवळपास तेवढाच. जेलची बॅटरी (ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेली) मात्र नाजूक, १४.१ च्या फार पुढे गेलेलं तिला सोसत नाही. तुमच्या बॅटरीची जात ज्या चार्जरवर स्पष्ट लिहिलेली असेल तोच घ्या.

करंटचा जुना हिशोब अजूनही खरा आहे: एएचचा दहावा भाग. तुमच्या ४५ ला साडेचार, म्हणून ४ ते ६ अँपिअरचा चार्जर उत्तम. स्कूटरची बॅटरी बहुतेक ४ ते ९ एएचची असते, तिला अर्धा ते एक अँपिअर पुरे. १ आणि ५ अशा दोन पायऱ्या असलेला एकच चार्जर मिळाला तर दोन्ही गाड्यांचं काम होईल. गाडीच्या पायरीवर स्कूटरची बॅटरी चुकूनही लावू नका, लहान जीव तापतो.

डोंगरवाट, तुमचा डबा वाईट नाही, पण त्याला बॅटरी भरली हे कळत नाही. तो करंट ढकलत राहतो, व्होल्टेज १५ च्या पुढे जातो आणि आतल्या पाण्याचं हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडून जातं. झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून भरपाई करता येते, बंद बॅटरीत तीही सोय नाही. शिवाय दोन-तीन तासांत गाडी चालू होते याचा अर्थ बॅटरी भरली असा होत नाही. त्या डब्याजवळ माणूस बसलेला हवा.

चांगला चार्जर तीन टप्प्यांत चालतो. आधी ठरलेला करंट देत १४.४ च्या आसपास पोचतो. मग व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरू देतो. शेवटी साडेतेराच्या सुमारास येऊन बॅटरीची नुसती राखण करतो. या शेवटच्या टप्प्याला फ्लोट म्हणतात. तो खोक्यावर लिहिलेला असेल तर रात्रभर लावायला हरकत नाही. फक्त पहिल्यांदा दिवसा लावा आणि जवळपास राहा. हात लावल्यावर बॅटरी कोमट लागली तर ठीक, चांगली गरम लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बंद. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावायचाच नाही.

वेळेचा अंदाज असा: वीस एएच भरायचे आणि चार्जर ४ अँपिअरचा, म्हणजे भागाकारात पाच तास. पण शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, तेव्हा आठ-दहा तास धरा. घाई करून मधेच काढलीत तर तोच पाचवा हिस्सा कायम रिकामा राहतो आणि सल्फेटला तिथेच जागा मिळते.

गाडीतच ठेवून चार्ज करता येते. नेहमीच्या मोडमधला व्होल्टेज अल्टरनेटर देतो त्याच्या आसपासचाच असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सला काही होत नाही. चावी काढा, दिवे बंद ठेवा. अपवाद 'रिपेअर' किंवा 'रिकंडिशन' मोडचा. काही चार्जर त्यात १५.८ व्होल्टपर्यंत चढतात. तो मोड वापरायचा तर बॅटरी गाडीपासून सोडवा, आणि एजीएम-जेलला वापरूच नका. खडे एकदा टणक झाले की त्या मोडने फारसं काही परत येत नाही, असं माझं मत आहे. त्याच्यासाठी म्हणून चार्जर निवडू नका.

जोडण्याचा क्रम पाठ करा. चार्जरचा प्लग बाहेर असतानाच लाल चिमटा प्लसला लावा. काळा चिमटा इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. मग प्लग, मग बटण. काढताना बरोबर उलट. कारण सांगतो: शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडू शकते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. ठिणगी बॅटरीपासून दूर उडालेली बरी. बऱ्याच नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजणारा एक सेन्सरही असतो. काळा चिमटा बॉडीला असेल तर भरलेला करंट त्याच्यातून जातो आणि गाडीचा हिशोब बरोबर राहतो. खिडक्या-दार उघडं, जवळ सिगरेट नाही, डोळ्यांवर चष्मा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धूत राहायचं, डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टरकडे.

निशिगंध

काका, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. लेबल वाचलं, साधी कॅल्शियमची निघाली. १ आणि ५ अँपिअरचा चार्जर मागवते. पण एक शंका आहे. दोष बॅटरीचाच आहे की गाडीच कुठेतरी वीज खातेय, हे कसं ओळखू?

जुनी_वायरिंग

योग्य प्रश्न विचारलात. हे न बघता लोक बॅटऱ्या बदलत राहतात. साधा मल्टिमीटर लागेल.

बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि मायनसची केबल सोडून ठेवा. सोडताना नेहमी मायनस आधी, लावताना शेवटी. प्लसवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर मोठा शॉर्ट होतो, मायनस आधीच सुटलेला असेल तर काहीच होत नाही. केबल सोडल्यावर घड्याळ आणि काचांची सेटिंग पुसली जाऊ शकते, काही रेडिओ कोडही मागतात. तो आधी हाताशी ठेवा.

चार्जर काढल्याकाढल्या मोजू नका, तेव्हाचा आकडा फुगीर असतो. रात्रभर थांबून मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे तळाला आलेली. केबल सुटलेलीच ठेवून दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. आकडा जवळपास तोच राहिला तर बॅटरी चांगली आहे, चोर गाडीत आहे. केबल सुटलेली असूनही १२.३ वर घसरली तर बॅटरीच खराब. १०.५ च्या आसपास येऊन थांबली तर सहापैकी एक सेल गेला, तिथे कोणताही चार्जर काही करू शकणार नाही.

चोर गाडीत असेल तर मल्टिमीटर दहा अँपिअरच्या जागी लावून मायनस टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये जोडा. दारं लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, कारण आतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. करंट ५० मिलिअँपिअरच्या खाली आला तर ठीक. त्याहून बराच जास्त राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये दोष. डिकीचा दिवा आणि नंतर बसवलेला कॅमेरा आधी तपासा, माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पायवाट

मधेच विचारतो. माझ्या गाडीचा आतला दिवा चालू राहिला, बॅटरी ४ व्होल्टवर आलीय. स्मार्ट चार्जर लावला तर नुसता एरर दाखवतो. चार्जर बिघडला का?

जुनी_वायरिंग

चार्जर बहुधा ठीक आहे. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली असेल तर असे चार्जर समोर बॅटरी आहे असं मानतच नाहीत, उलटी जोडणी किंवा शॉर्ट असेल या भीतीने बंद राहतात. आधी त्याचं माहितीपत्रक बघा, काहींत बटण दाबून धरलं की जबरदस्तीने सुरू होतात. तशी सोय नसेल तर जंप केबलने एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी समांतर जोडा, प्लसला प्लस, आणि मायनसची शेवटची जोडणी बॅटरीपासून लांब. थोडा वेळ जाऊ द्या, मग चार्जर लावा. तो चालू झाला आणि व्होल्टेज वर चढू लागला की चांगली बॅटरी सोडवा. सगळा वेळ तिथेच थांबा. दिवा कालच राहिला असेल तर बॅटरी वाचेल. महिनाभर तशीच पडली असेल तर फार आशा धरू नका.

सावलीतला_स्वार

माझ्या बाईकला लिथियमची बॅटरी आहे, हाच चार्जर चालेल का?

जुनी_वायरिंग

लिथियमचा मोड स्पष्ट दिलेला असेल तरच. त्या बॅटरीला सल्फेट हा प्रकारच नसतो, त्यामुळे रिपेअर मोडचे उंच झटके तिला फक्त इजा करतात. तापमान शून्याखाली असताना तिला चार्ज करायचं नाही. विजेवरची स्कूटर असेल तर तिची मोठी बॅटरी फक्त तिच्याच चार्जरने भरायची.

निशिगंधताई, एक सांगायचं राहिलं. तुमची गाडी बहुतेक उभीच असते, तेव्हा दर वेळी चिमटे लावायचा कंटाळा येईल. चार्जरबरोबर रिंग असलेली वायर मिळते का बघा. तिच्या दोन रिंग नटाखाली कायमच्या बसवायच्या, एक प्लस टर्मिनलवर, दुसरी बॉडीवर. प्लसच्या वायरमध्ये बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. वायर पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून दूर बांधा, आणि टोकाला रबरी टोपी ठेवा. मग बॉनेट उघडलं की नुसतं सॉकेट जोडायचं.