मुशिशी की किनोचा प्रवास? आधी कुठली बघू?

मध्यरात्रीचा_चहा
'फ्रीरेन' ही जपानी ॲनिमे मालिका संपवून बसलोय. त्यातल्या लढाया आणि परीक्षा मी रेटून काढल्या, पण ती मंडळी एखाद्या गावात शिरतात, कुणा म्हाताऱ्याचं काहीतरी काम करून देतात आणि पुढे निघतात, ते भाग मात्र दोनदोनदा बघितले. तसंच काहीतरी हवंय. भटका माणूस, दर भागात नवं गाव, आणि गोष्ट तिथल्या तिथे संपली पाहिजे. ऑफिसात एकाने 'मुशिशी' ही ॲनिमे सांगितली, दुसऱ्याने 'किनोचा प्रवास' ही. वर दोघांचंही म्हणणं, "एकच आहे रे, कुठलीही बघ." खरंच एकच आहे का? रात्री जेवण झाल्यावर एक भाग, एवढाच वेळ मिळतो. शिवाय आठवीतली भाची सुट्टीला आलीय, ती शेजारी येऊन बसते. तेही धरून सांगा.

शेवटची_लोकल
मुशिशी. डोळे झाकून. पुढचा प्रश्न?

निवडुंग
एकच कसली! वरवर बघितलं तर दोन्हींत एक अबोल प्रवासी आहे, सामान घेऊन फिरतोय, सलग कथानक जवळजवळ नाही. पण मुशिशीतला गिंको वैद्य आहे आणि किनो पाहुणी आहे. सगळा फरक तिथून सुरू होतो.

मुशी म्हणजे झाडं-प्राण्यांच्याही आधीचे, ज्यांना जीव म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा असे जीव. बहुतेकांना ते दिसत नाहीत. कुणाच्या कानात शिरून ऐकणं बंद करतात, कुणाच्या उशीत राहून स्वप्नं खरी करतात. गिंको येतो, विचारपूस करतो, पाठीवरच्या लाकडी पेटीतून औषध काढतो. कधी गुण येतो, कधी नाही. त्रास देणारा जीव दुष्ट नसतो, तो आपला जगत असतो आणि माणूस त्याच्या वाटेत आलेला असतो. कुणावर चिडायचं हेच कळत नाही बघताना.

किनोच्या जगात उलटं. तिथे प्रत्येक देश म्हणजे तटबंदीतलं एक शहर, आणि घोळ माणसांनी स्वतःच घालून ठेवलेला. पहिल्याच भागात असा देश आहे जिथे रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी कामं यंत्रं करतात. का, तर लोकांनी एकमेकांच्या मनातलं कळण्याची सोय करून घेतली, आणि मग कुणाला कुणाच्या जवळ राहवेना. किनो हे ऐकून घेते. दुरुस्त काही करत नाही. तीन दिवस, दोन रात्री, की तिची बोलणारी मोटरसायकल हर्मीस चालू करून ती निघाली. स्वतःच्या जिवावर बेतलं तर पिस्तूल काढते, आणि तेव्हा हात कापत नाही.

थांबण्याचंही तसंच. मुशी गिंकोकडे ओढले जातात, जास्त दिवस राहिला तर ते गावच त्यांनी भरून जाईल. तोंडात कायम ती सिगारेट असते, तीही त्यांना लांब ठेवायला. म्हणजे त्याला राहताच येत नाही. किनोवर अशी सक्ती नाही, तीन दिवस हा तिने स्वतःला घालून घेतलेला नियम. त्यामुळे गिंको गाव सोडतो तेव्हा मला त्याचं वाईट वाटतं, आणि किनो निघते तेव्हा तिचा थोडा रागच येतो. तो यावा म्हणूनच मालिका तशी केलीय, असं माझं मत.

झोपाळू_मांजर
मला मुशिशीच्या तिसऱ्या भागात झोप लागली. चौथ्यातही. काय ते सारखं धुकं, डोंगर आणि हळू आवाजात बोलणं. माझं मत किनोला. १३च भाग आहेत, आणि प्रत्येकात डोक्याला काहीतरी टोचतंच. बाराव्या भागात दोन देशांनी आपसातलं युद्ध कायमचं थांबवलेलं असतं. कसं थांबवलं, ते संग्रहालयातली बाई अगदी मायेने समजावून सांगते. ऐकून जेवण जात नाही. पुढचं सांगत नाही, बघा.

शेवटची_लोकल
@झोपाळू_मांजर, झोप लागली हा मालिकेचा गुण समजा 😄
किनोतला रुळांवरचा भाग (पाचवा) मात्र मलाही आवडतो. ओसाड रुळांवर एक म्हातारा ५० वर्षं रूळ घासून चकचकीत करतोय. पुढे दुसरा भेटतो, तो ५० वर्षं रूळ उखडतोय. त्याच्याही पुढे तिसरा, तो नवे टाकतोय. तिघेही वरून आलेल्या हुकमाप्रमाणे, घरच्यांसाठी राबतायत, आणि एकमेकांचा पत्ता नाही. आमच्या गल्लीत डांबर पडल्यावर आठवड्यात पाइपवाले येतात, त्याची आठवण झाली. किनो तिघांशीही छान गप्पा मारते आणि कुणालाच काही सांगत नाही!

सावंतवाडीकर
मुशिशी बघताना मला आजोळ आठवलं. आमच्याकडे चकवा लागतो म्हणतात. पायाखालची वाट असली तरी माणूस रात्रभर तिथल्या तिथे फिरत राहतो. हे कुणी गोष्ट म्हणून सांगत नाही, "त्या वहाळाकडून तिन्हीसांजेला येऊ नकोस" एवढंच सांगतात. मुशिशीतली गावकरी मंडळी अगदी तशीच बोलतात. भुताखेताचा बाऊ नाही, पण जपून असतात.

निवडुंग
@सावंतवाडीकर, बोलण्याचा सूर तोच आहे, मान्य. पण देवचाराला, म्हणजे आपल्या कोकणातल्या राखणदाराला, गाऱ्हाणं घालता येतं, नारळ ठेवता येतो, तो ऐकतो किंवा कोपतो. मुशीला गाऱ्हाणं पोचतच नाही. पाचव्या भागात पूर आला म्हणून गावाने एक मुलगी जलदेवतेला म्हणून पाण्यात सोडलेली असते. ती सापडते एका दलदलीत, आणि ती दलदल जागा बदलत बदलत समुद्राकडे चाललेली. गावकऱ्यांच्या देवाचा तिथे पत्ताच नाही. त्या दलदलीला मुलगी हवीही नव्हती आणि नकोही नव्हती. मुलीला मात्र वाटतं, आपल्याला कुणीतरी ठेवून घेतलं. माझ्या मते सगळ्या मुशिशीचं मर्म त्या एका गैरसमजात आहे.

सावंतवाडीकर
हे पटलं. तो भाग आज परत बघतो.

षड्ज_पंचम
आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मुशिशीला संगीत तोशिओ मासुदाचं आहे, आणि प्रत्येक भागाच्या शेवटाला वेगळी धून आहे. २६ भाग, २६ शेवट. गोष्ट संपता संपता ती धून सुरू होते आणि नामावलीत तशीच वाहत जाते, त्यामुळे तिथे 'पुढचा भाग' दाबू नका. सुरुवातीचं गाणं चक्क इंग्रजीत आहे, ॲली केर नावाच्या स्कॉटिश गायकाचं, साधं गिटारवरचं. जपानी खेड्यांच्या गोष्टींना ते कसं शोभलं असेल असं वाटतं, पण शोभतं.

२००३च्या किनोत चित्रावर बारीक आडव्या रेषा दिसतील, जुन्या टीव्हीसारख्या. फाइल खराब नाही, ते मुद्दाम आहे. दिग्दर्शक र्युतारो नाकामुरा, 'सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन' या ॲनिमेवाला, त्याला असलं सगळं आवडायचं. चित्रांची श्रीमंती विचाराल तर मुशिशी कितीतरी पुढे आहे. २००५ सालची मालिका, पण त्यातलं जंगल आजही ताजं वाटतं.

मध्यरात्रीचा_चहा
बाप रे, एवढं सगळं! धन्यवाद मंडळी. भाचीचं राहिलं?

आत्याबाई
मी माझ्या भाच्यांबरोबर दोन्ही बघितल्यात, म्हणून सांगते. किनोचा दुसरा भाग तिच्यासोबत अजिबात नको. बर्फात अडकलेली तीन उपाशी माणसं भेटतात आणि किनो त्यांच्यासाठी ससे मारते, इथपर्यंत ठीक आहे. शेवट ठीक नाही. मुशिशीत रक्तपात जवळजवळ नाही, पण २१वा भाग तान्ह्या बाळाबद्दल आहे, तो तुम्ही आधी एकट्याने बघा आणि ठरवा. बाकी आठवीतल्या मुलीला मुशिशी चालेल, फक्त तिला कंटाळा येईल का हा प्रश्न आहे.

म्हणून सुरुवात पहिल्यापासून न करता विसाव्या भागापासून करा. तान्यू नावाची मुलगी आहे, तिच्या पायात एक मुशी पिढ्यान्पिढ्या कोंडलेला, पाय काळा ठिक्कर. मुशी मारल्याच्या हकिगती ऐकून त्या लिहिल्या की तो थोडाथोडा शाईसारखा कागदावर उतरतो, आणि उतरताना भयंकर दुखतं. एकदा ती अक्षरं कागदावरून सुटतात आणि भिंतीवर, छतावर पळायला लागतात. तर ही बाई शांतपणे चॉपस्टिक्सनी एकेक ओळ पकडून परत कागदावर लावते! माझी भाची जी त्या चॉपस्टिक्सवर फिदा झाली, ती पुढे सगळे भाग बघूनच उठली. आणि तान्यूला ऐकायच्या असतात मुशी न मारलेल्या गोष्टी. त्या तिला गिंको सांगतो.

मध्यरात्रीचा_चहा
विसावा आधी बघितला तर पुढचं-मागचं बिघडणार नाही ना?

निवडुंग
नाही बिघडत. मुशिशीत कुठूनही शिरा, फक्त बारावा जरा राखून ठेवा. त्यात गिंकोचं लहानपण आहे, आणि तो आधी बाहेरून ओळखीचा झालेला बरा. दुसरा भागही लवकर बघा, पापणीच्या आत आणखी एक पापणी असते तो. रात्री दिवे मालवून. रोज एकच, दोन लागोपाठ बघितले की एकमेकांत मिसळतात. हे २६ संपल्यावर २०१४ची पुढची मालिका आहे, तीही त्याच तोडीची. कलाकार घेऊन केलेला २००६चा चित्रपट मात्र राहू द्या.

किनो मधेमधे घ्या, आठवड्यातून एक, भाची झोपल्यावर. चौथा भाग चुकवू नका. आणि तेरावा शेवटीच, चौथा बघितल्याशिवाय तर नकोच.

झोपाळू_मांजर
आणि २०१७ची नवी किनो?

षड्ज_पंचम
रंग सुंदर आहेत, पण अखाड्याची गोष्ट जुन्यात दोन भाग घेते, नवीन एकात उरकते. जुने १३ संपल्यावर बघा, आधी नको.