स्टँडमधून आइस हॉकीचे फोटो: बर्फ राखाडी का येतो?

बर्फवेडा: नमस्कार मंडळी, ब्रॅम्प्टनला राहतो, ओएचएलच्या (ओंटारियोची ज्युनिअर हॉकी लीग) मॅचेस बघता बघता फोटोचा नाद लागलाय. ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे, पण बर्फ मळका राखाडी आणि खेळाडू सगळे हललेले येतात. कुठे बसू, काय सेटिंग ठेवू?

टोरांटोकर: राखाडीचं कारण सोपं आहे, कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला एवढा पांढरा रंग दिसला की तो सगळंच मधल्या राखाडीवर ओढतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ करायची सेटिंग) +०.७ ते +१ कर. शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद नकोच, जमलं तर १/१०००, आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत गेला तरी जाऊ दे, त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात पण हललेला चेहरा काही केल्या परत येत नाही रे. रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढ.

मावशी_कॅल्गरी: गोलमागची सीट घेऊ नकोस हं, तिथे जाळी असते, ऑटोफोकस तिच्यातच अडकतो. बाजूला, रिंकभोवतीच्या काचेच्या वरून नजर जाईल इतक्या ओळी वर बस. मी तर वॉर्मअपला खाली काचेपाशी जाते, लेन्स काचेला जवळजवळ टेकवायची, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. गोलीचे (गोलरक्षकाचे) डोळे मास्कमधून टिपायला मला सगळ्यात जास्त आवडतं! आणि मोठी लेन्स नेण्याआधी त्या रिंकचा नियम बघ, एनएचएलच्या (मोठी व्यावसायिक लीग) मॅचला तर नक्कीच.

बर्फवेडा: थँक्यू मावशी, थँक्यू दादा! पण लागोपाठच्या फ्रेममध्ये रंग बदलतो, ते का?

टोरांटोकर: रिंकचे जुने दिवे लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही, पण प्रत्येक फ्रेमला उजेडाचा रंग वेगळा पडतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (लुकलुकण्याशी जुळवून फोटो काढायची सोय) असेल तर चालू कर.