२० महिन्यांची मुलगी कमी बोलते, घरातली मराठी बंद करावी का?

छोटीची_आई_इंदूर
आमची छोटी आता २० महिन्यांची आहे आणि मोजून सात-आठ शब्द बोलते, बाकी सगळं बोट दाखवून नाहीतर माझा हात ओढून. आई, बाबा, दुदू, पाणी, दे, आणि खालच्या मुलांकडून शिकलेलं चलो आणि नहीं. घरी आम्ही आणि आजी-आजोबा मराठी बोलतो, तिला सांभाळणाऱ्या दीदी हिंदी, शेजारपाजार पण सगळं हिंदीच. नणंद म्हणते दोन भाषांनी पोरगी गोंधळलीय, मराठी बंद करा, शाळेत कुठे लागणारेय. पणजोबांपासून इंदुरात आहोत आणि तरी घरात मराठी टिकलीय, ती माझ्या हातून सुटावी असं अजिबात वाटत नाही, पण तिचं नुकसान होत असेल तर तेही नको. चालायला पण १५व्या महिन्यात लागली त्यामुळे सगळंच उशिरा होतंय का अशी भीती बसलीय. आणि मी ऑफिसला निघाले की दारात इतका आकांत करते की स्कूटरवर मलाही रडू येतं. प्लीज सांगा कुणीतरी.

पलसीकरवाली
ताई चालण्याचं आधी डोक्यातून काढा. डब्ल्यूएचओने भारतासकट पाच देशांतली मुलं बघून आधाराशिवाय चालण्याचा काळ काढलाय तो साधारण ८ ते साडेसतरा महिने, १५ म्हणजे आरामात आत.
बोलण्याचं मात्र एक विचारते, सर्दी वारंवार होते का? आमच्या मुलाला कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं, त्याला आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा आणि आम्ही वर्षभर म्हणत होतो की लक्ष देत नाही, हट्टी आहे. अजूनही आठवलं की जीव तुटतो. जन्मतः कानाची टेस्ट पास झाली होती म्हणून पुन्हा केलीच नव्हती आम्ही.

वाणी_बडोदा
मी स्पीच थेरपिस्ट आहे, आमच्याकडे तर मराठी-गुजराती-हिंदी तिन्ही चालतात. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही, कृपया मराठी बंद करू नका. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे, माऊ आणि बिल्ली दोन्ही म्हणाली तर ते दोन शब्द, आणि कुत्र्याला नेहमी भूभू म्हणत असेल तर तोही शब्दच. आईला जी भाषा मनापासून येते त्यात ती जास्त बोलते, रागावते, लाड करते, मुलाला तेच लागतं.
पण मुलं आपोआप बोलतात म्हणून नुसतं थांबूनही राहू नका. हाताने खूण न करता "बॉल आण" म्हटलं तर आणते का बघा. विमान दिसलं की तुम्हाला दाखवून पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघते का, हे तर नुसतं हवं ते मागण्यापेक्षा महत्त्वाचं. हे होत नसेल, हाकेला बघत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील तर लगेच दाखवा. दोन वर्षांपर्यंत "दुदू दे" असे दोन शब्द जोडायला हवेत. आणि कान एकदा तपासाच, ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी) आणि टिम्पॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी), दोन्ही टेस्ट दुखत नाहीत. मोबाईलवरची गाणी बंद, डब्ल्यूएचओच्या २०१९च्या सूचनांत एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच असं आहे. गाणं तुमच्या तोंडून हवं, मध्ये थांबायचं आणि तिची वाट बघायची, मनात पाचपर्यंत मोजून.

आज्जी_ग्वाल्हेर
दारातल्या रडण्याबद्दल सांगते. तिची नजर चुकवून कधी निघू नकोस गं, मग पोर दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतं. आई दिसेनाशी झाली तरी कुठेतरी आहे हे तिला आता कळतं, परत कधी येणार ते कळत नाही, म्हणून रडते. रोज तसंच कर, पापी, टाटा, "दिवे लागले की आई येणार", आणि निघ. पदराआड लपून भॉक करायचा खेळ खूप खेळ, गेलेलं माणूस परत येतं हे त्यातूनच कळतं. माझी नात तीन आठवड्यांत शांत झाली.

छोटीची_आई_इंदूर
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळे भरून आले. भूभू, माऊ, टाटा, गायीचं हम्मा धरून आत्ता ११ झाले! "चप्पल आण" म्हटलं, मी हात मागे ठेवले होते, तरी बाबांची आणली. विमान दाखवते, माझ्याकडे बघते पण. सर्दी मात्र या पावसाळ्यात सारखी होती, म्हणून शनिवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. नणंदेला हा धागा पाठवलाय.