लहान मुलांना मासे देताना काटे कसे सांभाळता?

ओवीची_आई
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मासे फार आवडतात तिला, पण मागच्या रविवारी बांगड्याच्या कालवणातला काटा टाळूला टोचला आणि इतकी रडली की आता ताटात मासा दिसला तरी तोंड घट्ट मिटून घेते. सासूबाई म्हणाल्या कोरड्या भाताचा गोळा गिळायला दे, काटा उतरतो. मी नाही दिला, टॉर्च लावला तर समोरच दिसत होता, चिमट्याने निघाला. चिकनमध्ये पण करी कट आणलं की हाडाच्या बारीक कपच्या निघतात, रस्सा गाळून द्यावा लागतो. तुम्ही काय करता? कुठले मासे देता?

रापण
भात नाही दिलात ते बरं केलंत ताई, त्याने काटा अजून आत रुतू शकतो. दिसत नसेल आणि गिळताना दुखत असेल तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं, माशाचा काटा एक्सरेत दरवेळी दिसतोच असं नाही.
बांगडा मुलांसाठी तुकडे करून घालूच नका, तुकडे केले की मधला काटाही तुटतो आणि मग प्रत्येक तुकड्यात शोधत बसा. अख्खा तळा, पाठीवरून सुरी घालून वरची फाक बाजूला करा, मधला काटा शेपटीकडून धरून हळू उचलला की डोक्यापर्यंत अख्खा निघून येतो. मग पोटाच्या कडेचे बारीक काटे राहतात, तो भाग आपण खायचा. उरलेलं ताटात न कुस्करता बोटांनी चेपून बघायचं, काटा बोटाला कळतो, डोळ्याला नाही.
अगदीच भीती वाटत असेल तर मोरी (छोटा शार्क मासा) द्या, तिच्यात काटे नसतातच, नुसती कूर्चा, म्हणजे मऊ हाड.

साधना_के
सुरमईच्या तुकडीत मधला काटा मोठा असतो, सहज दिसतो, आमच्याकडे तिच्यापासूनच सुरुवात केली. करली मात्र मुलांना नको. माझी आजी करलीला विळीवर दोन्ही बाजूंनी इतक्या जवळजवळ आडव्या चिरा द्यायची की करकर आवाज यायचा काटे तुटल्याचा, मग तळली की ते बारीक काटे कुरकुरीत व्हायचे आणि आम्ही चावून खायचो. मला अजून तेवढ्या जवळ चिरा जमत नाहीत, मासा विळीवरच तुटतो.

खाटीक_आळी
चिकनच्या कपच्या दुकानातल्या सुऱ्यामुळे होतात, नळीवर घाव बसला की हाड फुटतं. त्यात ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा पक्षी, हाड कोवळं. दादाला सांगायचं सांध्यावर तोडून दे, तंगडी अख्खी ठेव. शिजल्यावर मांस आपोआप सुटतं, रस्सा गाळायला नको. आणि हाडाजवळ काळपट दिसलं तर कच्चं राहिलं समजून घाबरू नका, कोवळ्या हाडातली मज्जा बाहेर येते.

ओवीची_आई
सगळ्यांना थँक्यू. आज सुरमई आणली, तिच्यासमोरच काटा काढला आणि तिच्याच हातात दिला. दोन घास खाल्ले. रापण दादा, मोरीचा उग्र वास येतो तो कसा घालवता?