नाशिकला श्रोता नाही, हे वाक्य मागे घ्या

पिंपळपारकर
काल इथेच एका सभासदाने लिहिलं, "नाशिकला लाइव्ह गाण्याला श्रोताच नाही. कॅफेत फुकट गिग ठेवला तरी लोक कॉफी संपली की उठतात. खरं ऐकायचं असेल तर पुणं-मुंबई गाठा." खाली पटापट अंगठे पडले. मला मात्र रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दिवाळी पाडव्याला पहाटे नेहरू चौकात, पिंपळपारावर पाडवा पहाटेच्या मैफिलीला या. अंधार असतो, थंडी असते, आणि तरी सतरंजीवर बसायला जागा नसते. माझे वडील सातपूरला कंपनीत होते. रात्रपाळी उरकून डब्याच्या पिशवीसकट तिथे यायचे. त्यांना रागाचं नाव सांगता यायचं नाही, पण घरी जाताना "आज सूर लागला होता" एवढं म्हणायचे, आणि ज्या वर्षी ते म्हणायचे नाहीत त्या वर्षी खरंच लागलेला नसायचा. हा श्रोता नाही तर कोण?

विष्णु दिगंबर पलुस्करांनी राजवाड्यातलं गाणं साध्या माणसापुढे आणलं, त्यांचा रामनाम आधाराश्रम आपल्या पंचवटीत. त्यांचे गायक पुत्र द. वि. पलुस्कर 1921 साली जन्मले ते नाशिकलाच. श्रोता इथे आहे. नाही ती मधली जागा. एकीकडे चाळीस खुर्च्यांचा कॅफे, दुसरीकडे कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह. नव्या पोरांनी दीडशे-दोनशे लोकांपुढे वाजवायचं कुठे?

सातपूरचा बेसवाला
ती कालची पोस्ट माझी, आणि मी शब्द मागे घेत नाही.

दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण पाडवा पहाट वर्षातून एकदा, आणि तिला तिकीट नाही. मी सहा वर्षं बँडमध्ये वाजवतोय. एका कॅफेत चौघांचे मिळून तीन हजार ठरले. त्यातून अँप आणि ड्रम न्यायला टेम्पो आम्हीच केला. दुसऱ्या गाण्याला मालक येऊन म्हणाला, आवाज कमी करा, टेबलावर बोलता येत नाही. तिसरं गाणं आमचं स्वतःचं होतं, मराठी. ते अर्ध्यात असताना फर्माइशीची चिठ्ठी आली, हिंदी गाण्याची. मग आम्ही दीडशे रुपये तिकीट लावून स्वतः कार्यक्रम केला. बावीस लोक आले, त्यातले नऊ आमच्या घरचे.

आणि मधली जागा नाही कशी? परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे. सुला वाइनरीच्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाला 2008 पासून लोक आले, पण त्या पार्किंगमध्ये एमएच 01 आणि एमएच 12, म्हणजे मुंबई-पुण्याच्या गाड्या, किती दिसायच्या ते आठवा.

ढोलकरी_पंचवटी
तुम्ही दोघं भांडताय आणि दोघांच्याही यादीत आम्ही नाही. देशभर ढोल म्हटलं की नाशिक ढोल म्हणतात. विसर्जन मिरवणुकीत तास-तास रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं श्रोते नाहीत का? आमची पन्नास पोरं दोन महिने रोज येतात. कुणी प्लंबर आहे, कुणी सीएचा अभ्यास करतोय. हाताला फोड येतात, त्यावर चिकटपट्टी लावून वाजवतात. पाऊस आला की ढोलाचं चामडी पान सैल पडतं, परत दोऱ्या कसायच्या. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, सुटली की पन्नास ढोलांचे टोल एका ठोक्यावर पडायला किती सराव लागतो ते येऊन बघा. गिटार घेतली की कलाकार, आणि ढोल कमरेला बांधला की गोंगाट?

गंगापूररोडची रहिवासी
हो, गोंगाट. मी स्पष्ट बोलते. मागच्या वर्षी आईची बायपास झाली. घरी आणलं त्या आठवड्यात शेजारच्या मोकळ्या मैदानात एका पथकाचा सराव सुरू झाला. खिडक्या लावल्या, पडदे सोडले, तरी ताटातली वाटी वाजायची. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्रीची 45. तुमच्या पन्नास ढोलांचं किती होतं ते मोजलंय कधी? तुमच्या हाताला फोड येतात त्याचं वाईट वाटतं, पण माझ्या आईने त्यात काय केलं होतं?

ढोलकरी_पंचवटी
ताई, ते पथक आमचं नव्हतं. पण गंगापूर रोडवर लग्नाची लॉन्स किती आहेत? डिसेंबर ते मे डीजे चालतो, तेव्हा तुमचा डेसिबल कुठे असतो? लग्नात तुम्हीही नाचत असाल. दोन महिने आमची पोरं मोबाइल सोडून मैदानावर येतात, तेच फक्त टोचतं.

गंगापूररोडची रहिवासी
डीजेबद्दल मी तीन वेळा तक्रार केली आहे. माहिती नसताना माझ्या नाचण्यावर येऊ नका.

तानपुरेवाली
आवाजाचा विषय निघालाच आहे तर माझंही दुःख ऐका. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंदच्या नियमाने आमची रात्र गेली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा, तिथे गाणं रात्रभर चालायचं. आता उघड्यावर दहाला ध्वनिक्षेपक बंद. बारापर्यंतची सवलत वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि त्यातले बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. म्हणजे दरबारी किंवा मालकंस त्याच्या वेळेला, समोर बसून ऐकायचा कधी? माझ्या गुरूंनी तरुणपणी नाशिकच्या एका वाड्यात पहाटे तीनला ऐकलेला मालकंस मला सांगितलाय, मी तो ऐकलेला नाही. चाळीस वर्षांची झाले. रात्रीचे राग मी संध्याकाळी सातला गाते आणि दर वेळी खोटं बोलल्यासारखं वाटतं.

सातपूरचा बेसवाला
मुद्दा श्रोत्यांचा होता. तो ढोल, बायपास आणि मालकंसापर्यंत गेला.

तानपुरेवाली
मुद्दा तोच आहे भाऊ. रात्री पोटभर ऐकायची सवयच मोडली, मग तुमच्या दीडशे रुपयांना माणूस कुठून येणार?

गंगापूररोडची रहिवासी
नियम नीट वाचा. दहानंतरची बंदी उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला आहे. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल तर चालतं. बंद दाराआड पहाटेपर्यंत मालकंस गा, मी स्वतः येईन. माझं भांडण गाण्याशी कधीच नव्हतं.

पिंपळपारकर
ताई, मी हेच म्हणतोय! आवाज बाहेर न जाणारी, दीडशे-दोनशे खुर्च्यांची खोली. बेसवाला भाऊ, तुम्ही सांगितलेल्या जागा चांगल्या आहेत, मी तिथे बसून ऐकलंय. पण त्या नाटकाच्या आणि व्याख्यानाच्या. ड्रमसेट, मॉनिटर, मिक्सर सगळं तुम्हालाच आणावं लागतं की नाही?

सातपूरचा बेसवाला
लागतं. एका सभागृहात साउंडचेकला वीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा फीडबॅकची शिट्टी कुठून येते ते शोधण्यात गेली. हे तुमचं बरोबर आहे, तेवढंच.

पण खोली बांधली म्हणून माणूस खिशात हात घालत नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीसुद्धा नाही. आम्ही तर दीडशेच मागतो. तेवढ्यात दोन माणसांची मिसळ होत नाही हल्ली. ओळखीचे लोक फोन करून "दोन पास ठेव ना" म्हणतात. पलुस्करांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून विचारतो. त्यांनी गाणं लोकांपुढे आणलं ते तिकीट लावून. तुम्ही नाशिकच्या नव्या बँडचं शेवटचं तिकीट कधी काढलं?

पिंपळपारकर
(दोन तासांनी) खरं सांगतो, नाही काढलेलं. कॅफेत ऐकलंय, टाळ्या दिल्यात, पैसे फक्त कॉफीचे दिलेत. पुढचा कार्यक्रम कधी आहे सांगा, तीन तिकिटं माझी. पासवर येणार नाही. पण "श्रोताच नाही" हे अजूनही मान्य नाही.

सातपूरचा बेसवाला
तारीख ठरली की कळवतो. पाडव्याला मीही येईन पहाटे, वडिलांची जागा दाखवा. शब्द तरी मागे घेत नाही. तेविसावा माणूस आला की बघू.

ढोलकरी_पंचवटी
आणि आमचं काय ठरलं? ढोल संगीत की गोंगाट?

गंगापूररोडची रहिवासी
वस्तीपासून लांब वाजवलात तर संगीत.

ढोलकरी_पंचवटी
लांब मैदान मिळत नाही ताई, मिळत असतं तर पोरांना घराजवळ वाजवायची हौस नाही. यंदा जागा मिळाली की शेजारच्या बिल्डिंगांत आधी जाऊन विचारतो, कुणी आजारी आहे का. वेळ त्यांच्या सोयीने ठरवू.

गंगापूररोडची रहिवासी
आमच्या बाजूला आलात तर साडेआठला थांबा. आई नऊला झोपते.