नव्या फोर-व्हील ड्राइव्हचे इंजिन ऑइल झपाट्याने कमी होते; मदत हवी आहे

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला माझी नेहमी ये-जा असते. माझी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह जेमतेम 14 महिन्यांची असून 18,000 किलोमीटर चालली आहे, तरीही दर 1,500 किलोमीटरमागे सुमारे एक लिटर ऑइल वर घालावे लागते. सकाळी गार इंजिनावर, जांभ्याच्या सपाट अंगणात डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून पाहतो, तेव्हा ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असते. गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर थेंबही नसतो. मात्र घाट उतरून ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळसर धूर दिसतो, आणि इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजमध्येही ऑइल साचलेले आढळले. सर्व्हिस सेंटरचे ‘एवढे चालायचेच’ हे उत्तर मला अजिबात पटलेले नाही. दोष टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाच्या) सीलमध्ये आहे की पिस्टन रिंगमध्ये (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या कड्यांमध्ये), हे ठरवण्यासाठी आधी कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधील दाबाची तपासणी) करावी की टर्बो तपासून घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.