मदत हवी आहे: इनहेलरचा व्हिडिओ कसा करावा?

नमस्कार मंडळी, मी फार्मसिस्ट आहे. इनहेलर कसा घ्यायचा ते सांगताना पेशंट माना डोलावतात, पण करून दाखवा म्हटलं की आधी दाबतात आणि मग श्वास घेतात! म्हणून काउंटरवर छोटा व्हिडिओ दाखवायचा विचार आहे. अडचण अशी, की स्प्रेवाल्याला सावकाश, खोल श्वास लागतो, तर पावडरवाल्याला जोरात ओढावा लागतो. दोन्ही एकत्र दाखवले तर गोंधळच होईल असं मला वाटतं. तुम्ही वेगवेगळे केलेत का? १० सेकंद श्वास रोखणं पडद्यावर कसं दाखवता, आकडे मोजत? स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरणंही त्यातच घ्यावं का? ज्यांना ऐकूही कमी येतं आणि वाचताही येत नाही, त्यांच्यासाठी काय करता? (व्हिडिओनंतर पेशंटकडून करून घेणार आहेच, ते सोडत नाही.)